प्रत्येकाच्या वाट्याला एक अंगण

'घर पाहावे बांधून नि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने ही दोन्ही कामे एकदा तरी अंगावर घेतली असली पाहिजेत याविषयी मला शंका नाही. लग्नाचे एक बरे असते. दोनचार दिवसांत सनईचौघडे थांबतात, मांडव उतरतो आणि माणूस हिशेबाला बसतो. घराचे तसे नाही. पाया खणल्यापासून गवंडी, सुतार, नळवाला, रंगारी यांची जी वर्दळ सुरू होते, ती घरभरणीनंतरही कैक महिने आटपत नाही. कापड गिरणीत विणले जाते, घड्याळे नि मोटारी कारखान्यातून तयार होऊन बाहेर पडतात. घर तेवढे अजून ऊनपावसात, जागच्या जागी, विटेवर वीट ठेवून बांधावे लागते. म्हणून ते महाग, म्हणून ते उशिरा, आणि म्हणूनच ते पुष्कळांच्या नशिबी नाही.

मग घरही कारखान्यातच का करू नये? साच्यातून विटा काढाव्यात तशा काँक्रीटच्या खोल्याच्या खोल्या काढाव्यात, यारीने उचलाव्यात नि एकीवर एक रचून द्याव्यात! विसाव्या शतकातल्या पुष्कळ बुद्धिमान माणसांना या कल्पनेने झपाटले होते. त्यांच्यातला सर्वांत धाडसी प्रयोग १९६७ साली कॅनडातील माँट्रियल शहरी झाला. त्याचे नाव 'हॅबिटाट ६७'. त्या प्रयोगाची हकिगत मला सांगायची आहे. तीत एका तरुणाचे स्वप्न आहे, लाखो लोकांची गर्दी आहे, आणि शेवटी एक न जुळलेला हिशेबही आहे.

*

ही कल्पना तशी जुनी. फोनोग्राफचा जनक एडिसन याने १९०८ च्या सुमारास असा बेत मांडला होता की, घराच्या आकाराचा लोखंडी साचा उभा करावा, वरून पातळ काँक्रीट ओतावे आणि ते सुकले की साचा सोडवून पुढच्या प्लॉटवर न्यावा. भिंती, जिने, छप्पर, सारे एकाच ओतकामात! या पद्धतीची थोडी घरे न्यू जर्सी प्रांतात झालीही, आणि त्यांतली काही अजून उभी आहेत. पण तो साचाच इतका अवजड, इतका खर्चाचा आणि इतक्या सुट्या भागांचा होता की, तो विकत घेऊन धंदा करायला फारसे कुणी पुढे आले नाही. घर स्वस्त, पण साचा महाग! हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

त्यानंतर आला ल कॉर्बुझ्ये. चंदीगढमुळे हे नाव आपल्याला परके नाही. त्याने फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात १९५२ साली एक अजस्र इमारत पुरी केली. तीत ३३७ बिऱ्हाडे, सुमारे सोळाशे माणसांची सोय, मधल्या मजल्यावर दुकाने आणि गच्चीवर लहान मुलांची शाळा नि डुंबायला उथळ हौद. बाटल्या ठेवण्याच्या घडवंचीत एकेक बाटली सरकवावी, तसे एकेक घर सांगाड्यात सरकवता यावे, ही त्याची कल्पना. प्रत्यक्षात घरे जागेवरच बांधावी लागली. मार्सेयच्या लोकांनी त्या इमारतीला 'वेड्याचे घर' असे नाव ठेवले. आज जग तिला वारसा म्हणून जपते, आणि मार्सेयचे लोकही ते नाव आता कौतुकाने घेतात.

तिसरा मार्ग रशियाने धरला. दुसऱ्या महायुद्धाने शहरेच्या शहरे बेचिराख झाली होती, आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब, पाचसहा कुटुंबांत मिळून एक स्वयंपाकघर, अशी तिथली राहणी होती. क्रुश्चेव्ह यांनी १९५४ साली हुकूम सोडल्यासारखे सांगितले की, शोभेचे खांब नि कळस पुरे झाले, आता कारखान्यात भिंती करा नि घरे उभारा. मग काँक्रीटच्या तयार भिंतींची पाच मजली, लिफ्ट नसलेली, ठेंगण्या छताची घरे पत्त्यांच्या बंगल्यासारखी भराभर उभी राहिली. कोट्यवधी माणसांना आयुष्यात प्रथमच स्वतःच्या दाराला स्वतःची कडी लावता आली. हे काम थोडे नव्हे. पण सगळी घरे एकसारखी, सगळ्या वस्त्या एकसारख्या! या एकसारखेपणावर पुढे तिथे एक विनोदी चित्रपट निघाला. मॉस्कोतला एक गृहस्थ नववर्षाच्या आदल्या रात्री मद्याच्या धुंदीत लेनिनग्राडला पोहोचतो, आपण मॉस्कोतच आहोत अशा समजुतीने आपला पत्ता सांगतो, त्याच नावाच्या रस्त्यावर, तशाच इमारतीत, तशाच दारासमोर येतो, आणि खिशातली किल्ली त्या कुलपाला बरोबर लागते! घरात राहत असते एक परकी तरुणी. १९७६ च्या पहिल्या दिवशी रशियन लोकांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला नि ते पोट धरून हसले. ज्याला आपलेच घर ओळखता येत नाही त्या माणसाची ही गोष्ट. हसता हसता मनात कुठे तरी चर्र होते.

*

आता त्या तरुणाकडे वळू. त्याचे नाव मोशे साफ्दी. जन्म १९३८ चा, हैफा गावचा. हैफा हे कार्मेल डोंगराच्या उतारावर वसलेले गाव. डोंगरउतारावरच्या गावाची मौज कोकणातल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. तिथे खालच्या घराच्या कौलांवरून वरच्या घराला समुद्र दिसतो, कुणी कुणाचा उजेड अडवीत नाही. पंधराव्या वर्षी या मुलाला आईबापांबरोबर देश सोडून माँट्रियलला यावे लागले. तिथल्या मॅक्गिल विद्यापीठात तो स्थापत्य शिकू लागला.

१९५९ साली त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि अमेरिका-कॅनडातली घरे पाहत तो हिंडला. त्याला दोनच प्रकार दिसले. एक, शहराबाहेर मैलोगणती पसरलेल्या बंगल्यांच्या वस्त्या. दारात हिरवळ, मागे बाग, पण कामाला जायचे तर रोज दोन तास मोटारीत. दुसरा, शहरातले उंच मनोरे. लांबच लांब अंधाऱ्या बोळात दोन्ही बाजूंना दारे, आणि दारामागे चार भिंती. मुलांनी खेळायचे कुठे? आईने तुळशीसारखे एखादे रोप लावायचे कुठे? साफ्दीने पाहिले की, ज्याला परवडते तो शहर सोडतो आणि ज्याला परवडत नाही तो मनोऱ्यात राहतो. शहर सोडणाऱ्याला हवी असते ती काही वाड्याहवेलीची शोभा नव्हे. त्याला हवी असते पायाखाली थोडी माती आणि डोक्यावर थोडे आभाळ. ते शहरातच देता आले तर?

१९६१ साली पदवीसाठी त्याने जो प्रबंध मांडला, त्यात याचे उत्तर होते. काँक्रीटच्या एकसारख्या पेट्या कारखान्यात कराव्यात, पण रचताना त्या सरळ एकीवर एक न ठेवता पुढे मागे सरकवून ठेवाव्यात, म्हणजे खालच्या पेटीचे छप्पर ते वरच्या घराचे अंगण होईल. एक डोंगरगावच उभे करायचे, फक्त डोंगर माणसाने करायचा! 'प्रत्येकासाठी एक बाग' हे त्याचे ब्रीद. त्याच्या नमुन्यांसाठी पुढे मुलांच्या खेळातले लेगोचे ठोकळे उपयोगी पडले. दिवाळीच्या सुट्टीत काड्यापेट्या एकीवर एक रचून वाडे बांधणारी आपली मुले याच शास्त्राची विद्यार्थी आहेत, हे त्यांच्या आयांनी विसरू नये.

*

विद्यार्थ्यांचे प्रबंध पुष्कळ असतात आणि कपाटेही पुष्कळ असतात. हा प्रबंध कपाटात राहिला नाही याला एक योगायोग कारण झाला. १९६७ चे जागतिक प्रदर्शन मॉस्कोला भरायचे होते. १९६२ साली रशियाने अंग काढून घेतले आणि तो मान माँट्रियलकडे आला. १९६७ हे कॅनडाच्या राज्यसंघाचे शताब्दीचे वर्ष. नगराध्यक्ष द्रापो हे मोठ्या हौसेचे गृहस्थ. सेंट लॉरेन्स नदीत एक बेट वाढवायचे, दुसरे नवेच भर टाकून करायचे आणि त्यांवर प्रदर्शन भरवायचे, असे ठरले. भुयारी रेल्वेसाठी खणलेला दगडधोंडाही त्या भरावात गेला.

साफ्दी तेव्हा फिलाडेल्फियाला लुई कान या थोर स्थपतीकडे उमेदवारी करीत होता. हाच तो कान, ज्याने पुढे आपल्या अहमदाबादेत व्यवस्थापन संस्थेच्या विटांच्या कमानी उभ्या केल्या. साफ्दीचे मॅक्गिलमधले गुरू व्हॅन गिंकेल प्रदर्शनाच्या आखणीत होते. त्यांनी १९६३ मध्ये शिष्याला बोलावून घेतले. शिष्याने आखणीचे काम पत्करले आणि हळूच आपला प्रबंध पुढे सरकवला. प्रदर्शनातल्या इतर इमारती सहा महिन्यांच्या पाहुण्या. ही मात्र कायमची वस्ती होईल, लोक तीत राहतील, अशी त्याची मांडणी होती.

मूळ आराखडा सुमारे हजार घरांचा होता. शिवाय शाळा, दुकाने, म्हणजे एक पुरे गावच. सरकारने कल्पना मान्य केली, पण पैसे दिले ते थोड्या भागापुरतेच. हजाराची झाली १५८ घरे. विशी पार न केलेल्या कुणा नवख्याला नव्हे, पण तिशीही न गाठलेल्या आणि तोवर एकही इमारत न बांधलेल्या माणसाला एवढे तरी मिळाले, हेच नवल. तो ते घेऊन कामाला लागला.

*

नदीकाठच्या एका अरुंद जमिनीच्या पट्टीवर, इमारतीच्या शेजारीच, पेट्यांचा कारखाना घातला गेला. एकेक पेटी सुमारे ३८ फूट लांब, १७ फूट रुंद नि १० फूट उंच. आतली जागा सुमारे ६०० चौरस फूट, वजन ७० ते ९० टन. आधी लोखंडी सळ्यांचा पिंजरा विणायचा, तो पोलादी साच्यात उतरवायचा, काँक्रीट ओतायचे आणि वाफेवर ते पक्के करायचे. मग पेटी पुढे सरकायची. कुठे लाकडी जमीन बसे नि तिच्याखाली नळ नि विजेच्या तारा जात, कुठे खिडक्या बसत, कुठे स्वयंपाकघराची मांडणी होई. न्हाणीघर तर काचतंतूंचे, साच्यातून काढलेले, आयतेच आत ठेवले जाई. सर्व शृंगार झाला की ही सालंकृत कन्या यारीच्या हाताने आपल्या जागी पोहोचे, आणि पोलादी दोरांनी नि सळ्यांनी शेजारणींशी आवळली जाई.

अशा ३५४ पेट्या बारा मजल्यांपर्यंत रचल्या गेल्या. गमत अशी की, पेट्या एकाच साच्यातल्या, पण घरे एकसारखी नाहीत. कुणाचे घर एका पेटीचे, कुणाचे दोन पेट्यांचे, कुणाचे तीन. कुणाचा जिना आत वर चढतो, कुणाचे दार पूर्वेला तर कुणाचे पश्चिमेला. घरांचे पंधराएक प्रकार त्यातून निघाले. रशियातल्या त्या गृहस्थाची फजिती इथे झाली नसती. अक्षरे तीच बावन्न, पण प्रत्येकाचे पत्र निराळे, तसा हा प्रकार. अंधारा बोळही साफ्दीने ठेवला नाही. काही ठरावीक मजल्यांवर लिफ्ट थांबते आणि तिथून उघड्या हवेतल्या गल्ल्यांतून चालत माणूस आपल्या दाराशी जातो. आणि प्रत्येक घराला अंगण, खरोखरीचे, वर आभाळ असलेले.

२८ एप्रिल १९६७ ला प्रदर्शन उघडले नि ऑक्टोबरअखेर मिटले. त्या सहा महिन्यांत तिथे पाच कोटींहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या. त्या वेळी साऱ्या कॅनडाची वस्ती सुमारे दोन कोटी होती, हे लक्षात घ्या! नदीकाठचा हा पेट्यांचा डोंगर पाहून लोक थक्क झाले. उद्याची शहरे अशीच होणार, असे वर्तमानपत्रांनाही वाटू लागले. साफ्दीचे वय होते अवघे एकोणतीस.

*

आता हिशेब. एकंदर खर्च आला सुमारे २ कोटी २१ लाख डॉलर. भागिले १५८. एका घराला सुमारे १ लाख ४० हजार डॉलर पडले! गरीब नि मध्यम माणसाला शहरात स्वस्त बाग मिळावी म्हणून काढलेले घर. तेवढ्या पैशांत त्या काळी साध्या वस्तीतली कितीतरी घरे झाली असती.

असे का व्हावे? पहिले कारण एडिसनच्या वेळचेच. साचे, कारखाना, यारी, सारा सरंजाम हजार घरांच्या मापाचा, आणि घरे झाली १५८. पाचशे पानांचे जेवण रांधायची भांडी आणली नि पंगतीला ऐंशी माणसे बसली, तर भांड्यांचे भाडे कुणाच्या पानावर मांडणार? शिवाय प्रदर्शनाचा मुहूर्त टळणारा नव्हता, आणि घाईचे काम नेहमीच महाग. पण सगळा दोष काटछाटीवर ढकलणेही न्यायाचे नाही. रचनेतच काही गोष्टी खर्चिक होत्या. पेटीवर पेटी बसली की एकीचे छत नि दुसरीची जमीन असा दुहेरी थर होतो. तळच्या पेटीवर भार अधिक, वरच्या पेटीवर कमी, म्हणून बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पेट्या आतून सारख्या करून चालत नाही. भिंतीची जाडी नि सळ्या बदलाव्या लागतात. साध्या चाळीच्या खोलीची एखादीच भिंत उघड्यावर असते. इथे घराला चहूबाजूंनी, वरून, कधी खालूनसुद्धा वारा लागतो, आणि माँट्रियलचा हिवाळा म्हणजे नदी गोठवणारा. प्रत्येक अंगण म्हणजे कुणाचे तरी छप्पर. बर्फ वितळून पाणी सांध्यांतून झिरपू लागले की खालचा शेजारी वर पाहणारच. गळतीचे दुखणे या इमारतीला पुढे पुष्कळ वर्षे पुरले.

दुसऱ्याच वर्षी आणखी एक घाव बसला. तो या इमारतीवर नव्हे, पण साऱ्या कल्पनेवर. १६ मे १९६८ च्या पहाटे लंडनमधल्या रोनन पॉइंट नावाच्या बावीस मजली इमारतीत, अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. ही इमारत कारखान्यातल्या तयार भिंतींची, तीत माणसे राहायला येऊन दोन महिनेच झाले होते. स्फोट तसा मोठा नव्हता. पण एक भिंत ढळली, तिच्यावर टेकलेल्या वरच्या भिंती सुटल्या, आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. चार माणसे गेली. तयार भाग किती का मजबूत असेनात, दोन भागांमधला सांधा कच्चा असेल तर सगळेच कच्चे, हा धडा जगाने त्या दिवशी घेतला. साफ्दीच्या पेट्या दोरांनी आवळलेल्या होत्या, त्यांची जात वेगळी. पण लोकांच्या मनात 'कारखान्यातले घर' या शब्दालाच तडा गेला.

साफ्दीने न्यूयॉर्क, प्वेर्तो रिको, इस्रायल अशा ठिकाणी आणखी हॅबिटाट मांडून पाहिले. कुठे कागदावरच राहिले, कुठे काही पेट्या होऊन काम थांबले. माँट्रियलची घरे सरकारने भाड्याने दिली. १९८५ साली ती राहणाऱ्यांच्याच भागीदारीने विकत घेतली. काहींनी शेजारच्या पेट्या आपल्यात जोडून घेतल्या, तशी घरांची संख्या थोडी घटली. ज्याची घरे गरिबासाठी कल्पिली होती, तो पत्ता आता शहरातल्या धनवंतांचा झाला आहे. २००९ मध्ये क्वेबेक सरकारने इमारतीला वारशाचा दर्जा दिला.

*

मग हा प्रयोग फसला म्हणायचे काय? मी मास्तर आहे. गणिताचे पेपर तपासताना आम्हांला एक शिस्त पाळावी लागते. शेवटचे उत्तर चुकले म्हणून सबंध गणितावर फुली मारायची नसते, रीत पाहायची असते. हॅबिटाटमध्ये स्वस्ताईचे उत्तर चुकले, यात वाद नाही. पण प्रश्न बरोबर होता, आणि रीतीतली एक पायरीही बरोबर होती. दाट वस्तीतही उंचावरच्या घराला अंगण देता येते, हे त्याने दाखवले. तिथे जे राहायला आले त्यांतले कितीतरी दशकानुदशके हलले नाहीत. लोक जे घर सोडत नाहीत, त्याला फसलेले घर म्हणणे मला तरी कठीण वाटते.

हाच प्रश्न आपल्याकडे चार्ल्स कोरिया यांनी आपल्या रीतीने सोडवून पाहिला. १९८३ साली पुरी झालेली मुंबईची 'कांचनगंगा' पाहा. तिच्या कोपऱ्यांत दोन मजले उंच अंगणे कोरलेली आहेत. पण तिथली बत्तीस घरे लक्ष्मीपुत्रांचीच. त्याच सुमारास बेलापूरला त्यांनी साध्या माणसांसाठी वस्ती आखली, तेव्हा मात्र यारी नको, साचा नको, असेच ठरवले. घरे बैठी, बांधणी साध्या गवंड्याला जमेल अशी, आणि प्रत्येकाला आभाळाखालचे छोटे आवार. माणूस अंगण मागतो आहे, एवढे दोघांनीही ओळखले होते. अंगण आभाळात न्यायचे की जमिनीवरच ठेवायचे, येथे वाटा फुटल्या.

साफ्दीने पुढे सिंगापूरला, चीनमध्ये अंगणांचे मनोरे बांधले. पेट्या रचण्याचा हट्ट सोडला, अंगणाचा सोडला नाही. आणि २०२३ साली एक विलक्षण गोष्ट घडली. साठ वर्षांपूर्वी कापलेला तो हजार घरांचा मूळ आराखडा संगणकावर जसाच्या तसा उभा करण्यात आला. आता कुणीही पडद्यासमोर बसून त्या गल्ल्यांतून फिरावे, अंगणातली झाडे पाहावीत. न यारी लागली, न सिमेंटचे पोते. ऐंशी उलटलेल्या त्या माणसाला आपले अख्खे गाव शेवटी पाहायला मिळाले, याचा मला आनंद वाटतो. मात्र त्या गावात राहायला जाता येत नाही. आणि या दिवाळीतही आपल्या शहरांतून अशी लक्षावधी घरे आहेत, जिथली आई पणती हातात घेऊन ती ठेवावी कुठे म्हणून जिन्याच्या कठड्याकडे पाहते आहे. तिचे गणित अजून सुटायचे आहे.